शेगडीवर सुकवलेला कोबा

दाराच्या चौकटीवरचं प्लॅस्टिक मी बाजूला सारलं, तर चंद्रा फळीवर नव्हती. ती कोब्यात पालथी पडली होती. डावा गाल ओल्या सिमेंटात रुतलेला, हातातला रंधा तसाच हातात. पलीकडे ठमा भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर अर्धी भाकरी, डोळे अर्धे उघडे. मी दोघींना हाका मारल्या. एकीचीही पापणी हलली नाही.

चंद्रा माझी धाकटी जाऊ. ठमा आमच्याच वाडीतली, वीस वर्षं माझ्याबरोबर कामावर. त्या खोलीत दोघींना बसवलं होतं मी. खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकायला लावलं ते मी, आणि चार घमेल्यांत कोळसा पेटवून ठेवला तोही मीच.

मला आधी वाटलं, शॉक बसला. खोलीत एक तात्पुरता बल्ब होता आणि त्याची वायर जमिनीवरून गेली होती. म्हणून मी आत पाऊल टाकलं नाही, दारातच उभी राहून ओरडत राहिले, "मेन बंद करा! मेन बंद करा!" ही माझी दुसरी चूक. पहिली कोणती हे अजून मला कळलंच नव्हतं.

महादू धावत आला. महादू म्हणजे आम्ही जिथं काम करत होतो त्या लॉजचा आचारी, सगळा जन्म भट्टीपुढे गेलेला माणूस. त्यानं बल्बकडे बघितलंही नाही.

"कोळसा पेटीवलाय व्हय आत? आन् खिडक्या बंद?"

"धूर कुटं हाय त्याला?" मी म्हणाले.

"धूर न्हाई म्हनून तर मान्सं मरत्यात, मावशे! सर बाजूला!"

त्यानं बाहेरूनच एका खिडकीचं प्लॅस्टिक फळीनं फाडलं, छाती भरून हवा घेतली आणि आत शिरला. त्याच्या मागोमाग मीही. त्यानं ठमाला खांद्यावर टाकलं. मी चंद्राच्या काखेत हात घालून तिला ओढत आणलं. सकाळपासून जपलेल्या जमिनीवर तिच्या टाचांनी दोन चर पडले. व्हरांड्यात आडवं घातलं तेव्हा पावसाची झड अंगावर येत होती, ती बरीच म्हणायची. चंद्राच्या नाकातलं सिमेंट मी पदरानं काढलं. जरा वेळानं तिनं मोठा श्वास ओढला, ओकली आणि रडायला लागली. ठमाचा श्वास चालू होता, पण ती जागी होईना. गालावर चापट्या मारल्या, तळपाय चोळले. काही उपयोग नाही.

लॉजच्या मालकीण वासंतीताई. त्यांनी स्वतःची गाडी काढली आणि आम्हाला कुसगावहून लोणावळ्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "किती वेळ झाला?"

मी म्हणाले, "टाकून चार तास झालं, पर अजून घोटायला आला न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "बाई, मी जमिनीचं विचारत नाही. या दोघी आत किती वेळ होत्या?"

तेवढं मी मोजलं नव्हतं. दोघींच्या तोंडाला ऑक्सिजनचे मास्क लावले. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, एक ठीक होईल असं वाटतं, दुसरीचं आज काही सांगत नाही. तुम्ही इथं थांबून करण्यासारखं काही नाही, पण थांबा.

म्हणून मी बाकावर बसले. तुम्हीही बसा. तोवर कोळसा तिथं का होता ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई वेडी होती. बाई वेडी नव्हती. पन्नाशी उलटलेली, मावळात कोब्याच्या कामाला नाव असलेली बाई होती. नाव असलं की माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही, एवढाच दोष.

कोबा म्हणजे सिमेंटची जमीन. खडी, दगडाचा कच आणि सिमेंट कालवून पसरायचं, पट्टीनं ओढायचं, लाकडी रंध्यानं बसवायचं आणि शेवटी पत्र्याच्या रंध्यानं आरशासारखं घोटायचं. रंधा म्हणजे मूठ असलेला सपाट पत्रा, इस्त्रीसारखा धरायचा. घोटायला ताकद लागत नाही, वेळ ओळखावी लागते. लवकर घोटलं तर पाणी वर येतं आणि जमीन पुढे भुसभुशीत राहते. उशीर झाला तर रंधा नुसता खरडतो. मी अंगठा टेकवून बघते. ठसा उमटला पाहिजे, पण अंगठ्याला काही चिकटता कामा नये. ती वेळ अर्धा तास असते. मग तुम्हाला जेवायचं असो की घरी पाहुणे असोत.

लोकांना वाटतं सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नाही. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. वाळलं की उपाशी राहिलं. आमच्याकडचं हवामान असं, की उन्हाळ्यात जमिनीला प्यायला मिळत नाही आणि पावसाळ्यात तिला बुडवून काढतात. एप्रिलमध्ये दुपारी कोरडा वारा सुटला की वरची साय तासाभरात सुकते, खाली ओलंच राहतं, आणि जमिनीवर कोंबडी नाचून गेल्यासारख्या बारीक चिरा पडतात. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे कोबा टाकते. दुसऱ्या दिवशी मातीचे बांध घालून त्यावर भाताच्या खाचरासारखं पाणी तुंबवते. दोन आठवडे कोणी चप्पल घालून फिरायचं नाही, कोणी बिनचपलेचंही फिरायचं नाही. पाणी भरून घेण्यात आम्हा मावळच्या बायकांचा हात कोण धरणार? भाताच्या आवणीत जन्म गेला.

मी चौथी शिकले. लग्नानंतर बिगारी म्हणून घमेली वाहायला लागले. ज्या मिस्त्रीच्या हाताखाली होते त्याचे गुडघे गेले. उकिडवं बसल्याशिवाय कोबा होत नाही. तो पाटावर बसून सांगायचा आणि मी करायचे. वर्षभरानं तो सांगायचाही बंद झाला, कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाईनं रंधा धरू नये असा कुठं नियम लिहिलेला नाही. पण गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठाय?" मी म्हणायचे, "हितंच हाय, बोला." ते माझ्या मागे बघायचं. पुढे मी बायकांचीच टोळी केली. बाई फळीवर हलकी असते, आणि अर्धा दिवस एका जागी बसून वेळेची वाट बघण्याची तिला सवय असते. पुरुष बिडी ओढायला जातो आणि तेवढ्यात जमीन हातची जाते.

चुका केल्या नाहीत असं नाही. बेगडेवाडीला एका दूधवाल्याच्या गोठ्याचा कोबा केला. उन्हाळा होता, झाकायला गोणपाट कमी पडलं. ठमा म्हणाली, "मालकाकडं खताच्या रिकाम्या गोन्या लय हायेत, त्या टाकू." टाकल्या, वर रोज पाणी मारलं. गोण्यांत राहिलेलं खत त्या पाण्यात विरघळलं आणि जमिनीनं ते पंधरा दिवस प्यायलं. गोण्या काढल्या तर जमिनीला देवीचे व्रण असावेत तशी वरची कातडी गेलेली. दूधवाला भला माणूस. म्हणाला, "आक्का, पीक कधी येनार?" मी तो सगळा उकरून पुन्हा केला. त्यानंतर कुठलीही गोणी मी धुऊन घेते. भाताचा पेंढाही झाकायला चालतो, पण त्याचे पिवळे डाग पडतात. गोठ्याला चालेल, दिवाणखान्याला नाही.

हिवाळ्याचंही ऐका. दिवसा ऊन तापतं, पहाटे दात वाजतात. जमीन दिवसा फुगते, रात्री आकसते. म्हणून मोठ्या जमिनीचे चौकोन पाडतात आणि मधे काचेची पट्टी घालतात. जमिनीला फुटायचं असेल तर तिथंच, रेघेत फुटावं. तुंगार्लीकडे मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता. ते म्हणाले, "मला रेघा नकोत. तळ्यासारखी अखंड जमीन पाहिजे."

मी म्हणाले, "साहेब, गुडघ्याला सांधा हाय म्हनून मानूस बसतो. सांधा नसता तर मोडला असता."

"मावशी, मी सांगतो तसं करा."

केलं. जानेवारीत त्यांचा फोन. "मावशी, तुमची जमीन फुटली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"मी सांधा दिला न्हाई साहेब. मग तिनं सोताच घेतला."

साहेब हसले नाहीत. आता ते त्या चिरेवर लांब गालिचा टाकून राहतात असं त्यांचा माळी सांगतो.

पावसाळ्यात मात्र मी नवा कोबा टाकतच नसे. जून ते सप्टेंबर आमची टोळी दुरुस्ती करायची, उतार काढून द्यायची, आणि ओल कुठून चढते ते शोधायची. इथं पाणी वरून पडतं त्याहून जास्त खालून येतं. सोलिंगवर, म्हणजे खालच्या दगडांच्या थरावर, जाड प्लॅस्टिक न घालता जमीन केली आणि वर गुळगुळीत रंग चढवला, की पहिल्याच पावसाळ्यात त्या रंगाला पापडासारखे फोड येतात. मी गिऱ्हाइकाला सांगते, हातभर प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीला चारही बाजूंनी चिकटव आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघ. खाली घाम आला असेल तर रंगाचं नाव काढू नको. याला इंजिनिअर लागत नाही. पण इंजिनिअरनं सांगितलं तर ऐकतात.

आता वासंतीताईंकडे येते. तळेगावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. कुसगावला लॉज चालवायच्या, आणि मागच्या बाजूला नवीन जेवणघर बांधत होत्या. कोबा मे महिन्यातच व्हायचा होता, पण छपराचं काम रखडलं आणि पाऊस लागला. ऑगस्ट उजाडला. पंधरा ऑगस्टला लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि त्यांची लॉज आधीच भरलेली. त्या मला म्हणाल्या, "जेवायला पाहुण्यांना काय चिखलात बसवू? तुमच्यासारखी कोबा करणारी दुसरी कोण आहे इथं?"

हे शेवटचं वाक्य त्या बोलल्या नसत्या तर मी नाही म्हटलं असतं. ठमा माझ्या मागं उभी होती. तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि हळूच म्हणाली, "आपुन पावसात टाकीत न्हाई." मी ऐकून घेतलं आणि वासंतीताईंना म्हणाले, "करू."

सकाळी कोबा टाकला. छप्पर होतं, त्यामुळे पाऊस आत येत नव्हता, पण ढगच आत येत होते. कुसगावला ऑगस्टमध्ये ढग खिडकीतून येतो आणि दारातून जातो. हवा इतकी ओली की कोब्यातलं पाणी वर येऊन बसलं ते आटेचना. अशा वेळी पुष्कळ मिस्त्री वर कोरडं सिमेंट भुरभुरतात. पाणी सुकतं, जमीन चकचकीत दिसते, मिस्त्री घरी जातो, आणि वर्षभरानं वरची पापडी निघते. ते मी कधी केलं नाही. त्याचा मला माज होता. कोरडं सिमेंट टाकायचं नाही, तर खोली गरम करायची, असं मी ठरवलं.

आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात. बाजेखाली शेक, दार लावलेलं, वाऱ्याची झुळूक येऊ द्यायची नाही. माझी पाच बाळंतपणं तशीच झाली. मला वाटलं, महिनाभराचं पोर ज्या खोलीत निजतं त्या खोलीत बायांना काय होणार? हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही, की त्या खोलीला कौलं होती आणि कौलांच्या फटींतून आकाश दिसायचं. शेगडी होती ती मुठीएवढ्या निखाऱ्याची. आणि इथं वर काँक्रीटचा स्लॅब, खिडक्यांना मी ठोकून घेतलेलं प्लॅस्टिक, आणि चार घमेली भरून लोणारी कोळसा. लाकूड पेटवलं असतं तर धूर झाला असता आणि दोघी बाहेर पळाल्या असत्या. धूर नको म्हणून मी मुद्दाम चांगला कोळसा आणला.

खोली छान गरम झाली. बाहेर हातपाय गारठत होते. आत फळ्यांवर चंद्रा आणि ठमा वेळ बघायला बसल्या. दुपारी चंद्रा बाहेर आली.

"आक्का, डोकं लय दुखतंय."

"सकाळपासनं पोटात काय न्हाई, दुकंल न्हाईतर काय? जा, भाकर खा. आतच खा, हितं पाऊस हाय."

मागून ठमा चौकटीला धरून उभी. "मला बी गरगरतंय गं."

"म्हातारी झालीस तू," मी म्हणाले. "आता घरीच बसत जा."

ठमा हसली नाही. आत गेली. चंद्राही तिच्या मागं गेली. मी दोघींना आत घातलं आणि वर प्लॅस्टिक नीट ओढून घेतलं, ऊब जाऊ नये म्हणून.

मग वासंतीताईंनी मला व्हरांडा बघायला बोलावलं. व्हरांड्याला त्यांना लाल रंगाचा कोबा हवा होता. मी म्हणाले, पावसाचं पाणी पडेल तिथं लाल करू नका, वर्षभरात ठिगळं पडल्यासारखं दिसेल. त्या म्हणाल्या, आमच्या माहेरी लाल होता. मी म्हणाले, तुमचं माहेर कुठं? त्या म्हणाल्या, सोलापूर. मी म्हणाले, मग होनारच, तितं पाऊस कुटं? अशी आमची हुज्जत चालली, चहा झाला, पुन्हा हुज्जत. ती मीच जिंकले. पाऊण तासानं मी अंगठा टेकवून बघायला परत आले आणि चौकटीवरचं प्लॅस्टिक बाजूला सारलं.

दवाखान्यात संध्याकाळी चंद्रा बोलायला लागली. डोकं फुटतंय म्हणाली. माझा दीर, चंद्राचा नवरा, आला; घोरावाडीला कारखान्यात कामाला होता, तिथून तसाच आला. मला वाटलं आता हा मला सोडत नाही. त्यानं चंद्राला बघितलं, माझ्याजवळ येऊन बसला आणि विचारलं, "वैनी, तुमी काय खाल्लं का?" शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ठमाचा नवरा नाही. मुलगी बदलापूरला दिलेली. तिला फोन केला. ती म्हणाली, "आईला काय झालं?" मी खरं सांगितलं. "मी कोळशाच्या खोलीत बशिवली." ती मग म्हणाली, "येते." पहिल्या दिवशी ठमा उठली नाही. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले, पण कोणाला ओळखेना, मुलीलाही नाही. डॉक्टर म्हणाले, हा वायू रक्तात जाऊन हवेची जागा धरून बसतो. निघून जाईल, पण डोक्याला किती बाधला ते आत्ता सांगता येत नाही.

महादू डबा घेऊन यायचा. तो मला म्हणाला, "मावशे, तंदूरच्या खोलीत झोपलेली दोन पोरं मी सकाळी बघितल्याली हायेत, मुंबईला असताना. म्हनून मला कळलं. तुला कोन सांगनार हुतं?"

सांगणारी होती. ठमानं चिमटा काढला होता, आणि दोघींनी माझ्यापुढे उभं राहून सांगितलं होतं. जमिनीत जरा पाणी वर आलेलं मला चार हातांवरून दिसतं. दोन बायांची तोंडं उतरलेली मला हातभरावरून दिसली नाहीत.

मधल्या वेळात मी कुसगावला जाऊन ती जमीन बघून आले. वासंतीताईंनी काही म्हटलं नव्हतं, पण काम अर्धवट टाकून मला राहवत नाही. चंद्राच्या टाचांचे चर होते, ते मी समजू शकत होते. पण जिथं कोणी पाय दिला नव्हता तिथंही हात फिरवला तर तळहात पांढरा झाला. पिठासारखी धूळ. नखानं कोरलं तर निघत होती. पुण्याचा एक इंजिनिअर तेव्हा शेजारच्या बांधकामावर होता, तो बघून म्हणाला, "बंद खोलीत कोळसा जाळलात का? ताज्या सिमेंटला कोळशाचा वायू चालत नाही आजी, वरचा थर कच्चा राहतो." म्हणजे ज्या जमिनीसाठी मी हे सगळं केलं, तिलाही तोच कोळसा बाधला होता. वीस वर्षांत एवढा वाईट कोबा माझ्या हातून झाला नव्हता. मला ते ऐकून बरंच वाटलं. जमीन चांगली झाली असती तर मला जास्त वाईट वाटलं असतं.

पंधरा ऑगस्टला वासंतीताईंनी त्या खोलीत ताडपत्री आणि वर सतरंज्या घातल्या. पाहुणे जेवले, कोणी काही बोललं नाही. पाहुण्यांना पाऊस आणि भजी मिळाली की जमिनीकडे कोण बघतं? ऑक्टोबरमध्ये मी तो कोबा पूर्ण फोडला आणि नवा केला. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, बाहेर ऊन, आणि चंद्रा रंध्यावर. ती स्वतःहून आली. मी तिला म्हणाले, न्हाई आलीस तरी चालंल. ती म्हणाली, "मग काय आयुष्यभर तुमच्या हाताखालीच ऱ्हाऊ? मला मिस्त्री व्हायचंय." आता ती आहे. माझ्या टोळीचा फोन तीच उचलते, आणि पावसाळ्यात काम विचारलं तर माझ्याहून उद्धटपणे नाही म्हणते. ओल्या हवेत टाकावंच लागलं तर पंखे लावून वारा खेळवते, दार उघडं ठेवते, आणि नाही आटलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते. कोणाचं डोकं दुखलं तर काम थांबतं. मुकाट बाहेर जाऊन बसायचं, कारण विचारायचं नाही. हा नियम तिचा आहे, माझा नाही.

मी आता काम करत नाही. गुडघे गेले, मिस्त्रीचे गेले तसेच. सकाळी रिक्षानं जाऊन कोणाच्या तरी जमिनीवर काठी आपटून येते. पोकळ वाजली तर सांगते. मावळात मी केलेल्या जमिनी किती आहेत ते मोजलेलं नाही, पण पुष्कळ आहेत, आणि पुष्कळ चांगल्या आहेत.

ठमाचं राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली, मुलीला नावानं हाक मारली आणि चहा मागितला. तिचं बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं. उजवा हात थोडा कापतो, त्यामुळे रंधा सुटला. पण तो अख्खा दिवस तिच्या डोक्यातून पुसून गेला होता. सकाळी एसटीत बसल्यापासून पुढचं काही आठवत नाही म्हणाली. चंद्रा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आक्का, मी काय बोलनार न्हाई." म्हणजे मला गप्प बसता आलं असतं.

घरी आणल्यावर मी ठमाच्या ओट्यावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. चिमटा काढला होतास ते, गरगरतंय म्हणालीस ते, आणि त्यावर मी काय बोलले ते.

तिनं ऐकून घेतलं. "म्हातारी म्हनलीस मला?"

"व्हय."

"आन् मी काय म्हनले?"

"काय न्हाई. आत गेलीस."

"मंग माजीच चूक हाय," ठमा म्हणाली. "तितंच तुज्या टाळक्यात रंधा घालायचा व्हता."

त्यानंतर ती माझ्याशी दोन महिने बोलली नाही. दिवाळीला बोलायला लागली.

त्या दिवशी त्या खोलीत दोघी होत्या, चंद्रा आणि ठमा. दोघीही जगल्या.